झऱ्याच्या खोलीतला दिवा

ती घटना डोक्यातून जात नाही. पोलीस खात्यातून निवृत्त होऊन काही वर्षे झाली, बरेच गुन्हे विसरलो. पण गरम पाण्याची वाफ तोंडावर आली की ती खोली समोर उभी राहते.

चौसाळ्याच्या पलीकडे डोंगरात गरम पाण्याचा एक झरा आहे. गावाचे नाव मुद्दाम देत नाही. झऱ्यावर देवीचे देऊळ आणि बायकांच्या अंघोळीसाठी स्लॅबची खोली. आत खाली उतरणाऱ्या पायऱ्या, तळाशी कुंड. मूल होत नसलेली बाई उपाशीपोटी तिथे गळ्यापर्यंत पाण्यात बसायची. पाण्यालगतच्या पायरीवर दिवा ठेवायचा. तो आपोआप विझला की देवी आली असे समजत. मग बाई आपणहून बाहेर येईपर्यंत कुणी हाक मारायची नाही.

एका सकाळी पोलीस पाटलांचा ठाण्यात फोन आला, की खोलीत बाई मेली आहे. पोहोचलो तेव्हा दार सताड उघडे होते, लोकांनी प्रेत बाहेर काढले होते आणि नवरा तिचे कोरडे लुगडे मांडीवर घेऊन ओट्यावर बसला होता. प्रेतावर जखम नव्हती, झटापटीची खूण नव्हती. चेहरा झोपेतला वाटत होता. पंचनामा केला, दिवा जप्त केला, अकस्मात मृत्यूची नोंद झाली.

दुपारी निनावी फोन आला. "साहेब, दाराला भायेरून कडी व्हती. नवऱ्याला इचारा."

तोवर बाईचा भाऊ गेवराईहून माणसे घेऊन ठाण्याच्या फाटकात बसला होता. दाजीला दुसरे लग्न करायचे होते, त्यानेच मारली, असे तो येईल त्याला सांगत होता. खुनाचा गुन्हा दाखल झाल्याशिवाय प्रेत ताब्यात घ्यायला तो तयार नव्हता.

नवऱ्याला समोर बसवले. कडीचे विचारताच तो हो म्हणाला. दाराला आतून कडीच नाही, कुणी शिरू नये म्हणून मीच लावली, असे त्याने सांगितले. तेच प्रश्न उलटसुलट विचारले. खोटे बोलणारा दर खेपेला काहीतरी वाढवतो, नाहीतर पाठ केल्यासारखे म्हणतो. हा दोन्ही करत नव्हता. फक्त एका जागी येऊन अडकत होता.

"दिवा इझल्याचं फटीतून दिसलं. मी हात जोडले, साहेब. लई बरं वाटलं मला."

दिव्यात तेल तर भरपूर शिल्लक होते, हे मी जप्तीच्या वेळी पाहिले होते. बंद खोलीत वाराही नाही. मग तो विझला कसा? पुजाऱ्याला बोलावले. पोरे डोकावतात म्हणून खोलीचा एकुलता झरोका नुकताच पत्र्याने बंद केला होता, असे त्याच्याकडून कळले. पुढचे त्याने कौतुकाने सांगितले.

"पयलं तेल सरेस्तवर दिवा जळायचा. पत्रा ठोकल्यापासून देवी लवकर येतीय. बाया बी चक्कर येऊन पडत्यात. लई जागृत झालीय."

दुसऱ्या दिवशी पंचांना आणि बाईच्या भावाला घेऊन तिथे गेलो. खोली रात्रभर बंद होती. हवालदाराच्या कमरेला दोर बांधला आणि त्याच्या हातात पेटता दिवा दिला. वरच्या पायऱ्यांवर ज्योत सरळ होती. पाण्याजवळ ती बारीक झाली आणि कुणी चिमटीत धरावी तशी गेली. धूर वर आला नाही. पाण्यालगत आडवा पसरून राहिला.

"साहेब, काडी बी धरंना," हवालदाराचा आवाज आला आणि त्याचे गुडघे वाकले. आम्ही दोर ओढला.

आमच्याकडे जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडतात. तो विझला तर कुणी उतरत नाही. तिथे उभ्या प्रत्येकाला हे ठाऊक होते. गाळ काढताना त्या नवऱ्यानेही कितीदा कंदील सोडला असेल. तीच खूण देवीच्या दारात आली आणि लोकांनी तिला प्रसाद मानले. पाण्याबरोबर जमिनीतून येणारा जड वायू पत्र्यामुळे कुंडावर साचत होता. तपासणीत पुढे तेच निघाले. व्हिसेऱ्यात विष सापडले नाही.

ठाण्यात परतल्यावर नवऱ्याला सगळे सांगितले. भाऊ त्याच्याजवळ आला आणि म्हणाला, "दाजी, उठा. अक्काला न्यायचंय."

नवरा उठला, पण माझ्याकडे वळला. "म्हंजी दिवा इझला तवा ती जित्ती व्हती?"

त्याला ते कळून चुकले होते. "होती," मी म्हणालो.

पत्रा आणि छत दोन्ही उतरवले गेले. गरम झऱ्यावर मी आजही जातो, गुडघ्यांना आराम पडतो. उघडे कुंड बघतो, आधी हाताने पाणी अजमावतो, उपाशीपोटी उतरत नाही, थोडाच वेळ बसतो. डोके हलके वाटले तर लगेच बाहेर येतो. पण त्या प्रकरणाने शिकवले ते याहून वेगळे. भक्तीने गप्प बसलेला माणूस आणि जीव जाताना गप्प झालेला माणूस, दाराबाहेरून दोघे सारखेच.

म्हणून बायको पाण्यात असली की मी काठावरून तिच्याशी बोलत राहतो. भाजीचे, पोरांचे, काहीही. ती वैतागते.

"आवं, जित्ती हाय मी," म्हणते.

तेवढे ऐकतो आणि पुढचे विचारतो.