सवाष्णीच्या हातचा हार

चौसाळ्याच्या बस थांब्याजवळ वनमालाचं फुलांचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, पत्र्याची टपरी. पुढं ओल्या पोत्याखाली झाकलेला झेंडू, वर टांगलेले हार, अन् मागं एक बाकडं, ज्यावर बसून ती दिवसभर ओवत असते. नवरा होता तोवर ती इथं फक्त डबा घेऊन यायची. साडेचार वर्षांपूर्वी अंगद हायवेवर मोटारसायकलवरनं पडला अन् गेला. मागं राहिली बायको, एक पोरगी अन् ही टपरी. दिवस-कार्य उरकल्यावर दीर भागवत म्हणाला, "वैनी, टपरी किरायानं देऊन टाकू." वनमाला म्हणाली, "मंग मलाच द्या की." सहा महिने बोटांना सुई टोचून घेतली, तेव्हा कुठं सरळ हार जमायला लागला.

आता डोकं फिरवणारी गोष्ट ऐका. ह्या साडेचार वर्षांत चौसाळ्यात अन् आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर जेवढी लग्नं लागली, त्यातल्या निम्म्याहून जास्त नवरानवरीच्या गळ्यात वनमालाच्याच हातचे हार पडले. एका माणसानं कधी विचारलं नाही की बाई, हार ओवणारीच्या कपाळाला कुंकू आहे का नाही. टपरीपुढं उभ्या असलेल्या माणसाला घाई असते, शास्त्र नसतं. पण तिच्या स्वतःच्या पोरीचं लग्न ठरलं, अन् घरातल्या सगळ्यांना एका रात्रीत शास्त्र आठवलं!

पोरीचं नाव दिपाली. डी. फार्मसी झालेली. सोयरीक तेलगावची, पोराचं तिथं औषधाचं दुकान. लग्नाच्या पंधरा दिवस आधी एका संध्याकाळी दिपालीनं मोबाईल काढला अन् फुलं निवडायला बसली. शेजारी भागवत, समोर खाटेवर वनमालाची सासू भिवराबाई. फोटोवर फोटो. पार उमललेल्या गुलाबी डच गुलाबांचे जाड हार, मधी पांढरी बारीक जिप्सी. अन् नवरीच्या हातात धरायला निळ्या ऑर्किडचा बुके, कारण हल्ली रीलमध्ये प्रत्येक नवरीच्या हातात तो असतो.

वनमाला खुशीत पुढं सरकली. हा तिचा प्रांत. म्हणाली, "निळं ऑर्किड नसतंच बाई. रंग पाजलेला असतो त्याला, घाम लागला की हातावर उतरतो. अन् असा फुललेला गुलाब मे महिन्याच्या दुपारी बाराला टिकंल का? अंतरपाट निघायच्या आत पाकळ्या खाली. आपण घट्ट कळी घेऊ, मधी गुलछडी भरू, खाली मोगऱ्याचा गोंडा. मी आदल्या दिवशी बसते अन्..."

"तू न्हाई," भिवराबाई म्हणाली.

वनमालाला वाटलं, आपली दगदग होईल म्हणून म्हातारी म्हणतेय. "त्यात काय आत्याबाई, रोजचंच काम हाय माझं."

"रोजचं येगळं. वाईट वाटून घेऊ नको वनमाले, पण वरमाला सवाष्णीच्या हातची पायजे. तेलगावच्या माणसायला कळलं तर पोरीला जन्मभर बोल लावतील. आमाला काय न्हाई त्याचं."

आमाला काय न्हाई त्याचं! ह्या एका वाक्यानं जेवढ्या बायका मागं सारल्या, तेवढ्या कुणी हातानं ढकलूनही सरकल्या नसत्या. जो तो हेच म्हणतो, आमाला काय न्हाई, लोकं काय म्हणतील. अन् ते लोक कोण, कुठं राहतात, कधी कुणी दाखवत नाही.

वनमालानं दिपालीकडं पाहिलं. काहीतरी बोलंल पोरगी. शिकलेली आहे, चार गावं फिरलेली आहे. दिपालीचं बोट मोबाईलवर फिरत राहिलं. मान वर न करता ती म्हणाली, "आई, आज्जी म्हणती तर जाऊ दे ना. एवढ्याशा हारावरनं कशाला वाद."

एवढासा हार. हेच हार विकून तिची कॉलेजची दोन वर्षं निघाली होती. पण वनमाला उठली, भांडी घासायला गेली, अन् त्या दिवशी भांड्यांचा आवाज पार गल्लीपर्यंत गेला.

मग सुरू झाल्या भागवतच्या बीडच्या वाऱ्या. उन्हाचा कहर, बेचाळीस डिग्री, अन् हा गडी रुमाल बांधून तिसऱ्यांदा बीडला. तिथून व्हॉट्सअॅपवर फोटो यायचे. वर लिहिलेलं, "वैनी, बघा बरं कसा हाय. तुमाला कळतं त्यातलं." आता ह्या माणसाला काय म्हणावं! डोळे हिचे चालतात, अक्कल हिची चालते, फक्त हात चालत नाही. वनमाला तरीही उत्तर द्यायची. गुलाब उमललेला नको, कळी सांगा. दोरा दुहेरी घ्यायला सांगा. मागच्या बाजूला पानं लावू नका म्हणावं, टोचतात. लिहिताना दातओठ खायची, पण लिहायची. पोरीच्या गळ्यातला हार ऐन वेळी तुटला तर हसं कुणाचं होणार होतं?

हळदीच्या दिवशी तर कडेलोट झाला. दारात मांडव, सवाष्णी गोळा झालेल्या, दिपाली पाटावर बसलेली. वनमाला ताटाकडं नुसती वळली, तर भिवराबाईनं डोळ्यानंच खुणावलं अन् हळूच म्हणाली, "तू जरा आत बस." जन्म दिलेल्या आईला आत बस! वनमाला आत बसली नाही. मागच्या दारानं निघाली ती तडक टपरीवर आली. भर दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही. बाकड्यावर बसून तिनं पदर तोंडाला लावला अन् पोटभर रडून घेतलं. रडून झाल्यावर राग उरला, तो काही केल्या जाईना.

तेवढ्यात फोन वाजला. बीडचा गहिनीनाथ. तिथला मोठा फूलवाला, वनमाला त्याच्याकडूनच माल उचलते.

"ताई, लई अडचणीत हाय. उद्याची तीथ दाट हाय, सतरा लग्नं घेऊन बसलो. माझे हार करणारे दोघं गडी, एक तापानं पडला. सहा जोड्या करून देता का? माल आताच्या गाडीनं पाठवतो, फोटो टाकतो. सकाळी सहाला माझी गाडी येऊन नेईल."

वनमाला म्हणणार होती, अहो माझ्या पोरीची हळद हाय आज. पण हळदीत तिचं काय होतं? ती म्हणाली, "पाठवा."

"अन् एक, चार नंबरची पार्टी तुमच्या चौसाळ्याचीच हाय. भागवत म्हणून कोण तरी. लई चिकित्सक माणूस, बापा. तीनदा आला. हार करणारी बाई सवाष्णच पायजे म्हणला."

वनमाला बाकड्यावरनं उठली. "मंग तुमी काय म्हणलात?"

"काय म्हणणार? म्हणलं, हो, सवाष्णच हाय. माझ्याकडं तर बाईच न्हाई ताई, दोघं बाप्येच हायेत." गहिनीनाथ खो खो हसला. "धंद्यात असलं बघत बसलो तर झालं मंग!"

आपण कुणाला काय बोलतोय हे त्याच्या ध्यानात सुद्धा नव्हतं. वनमालानं फोन ठेवला. तिला हसू आलं, अन् त्याच हसण्यात परत डोळे भरले. दर खेपेला साठ-सत्तर किलोमीटर गाडी जाळून, बीडच्या तीन वाऱ्या करून, हार फिरून तिच्याच बाकड्यावर आला होता.

चारच्या गाडीनं पेट्या आल्या. आधी तिनं बाकीच्या पाच जोड्या केल्या. सूर्य बुडाला, घराकडून हळदीची गाणी स्पीकरवर ऐकू येत होती, अन् चौथ्या जोडीची फुलं पुढं घेऊन ती नुसती बसून राहिली. एक क्षण मनात आलंच, खोटं कशाला बोला. दोरा एकेरी घालावा. बोहल्यावर तुटू द्यावा. घेऊ द्या सवाष्णीच्या हाताचा अनुभव. पण बोटं ऐकेनात. साडेचार वर्षांत त्यांना वाईट काम शिकवलंच नव्हतं कुणी. तिनं दोरा दुहेरी घेतला. फोटोतला हार बाजूला ठेवून घट्ट कळ्या निवडल्या, मधी गुलछडी भरली, मोगरा तिच्या स्वतःच्या टोपलीतला घेतला. ओवताना तिची सारखी बडबड चालू होती. सासूला शिव्या, दिराला शिव्या, अंगदला तर सगळ्यात जास्त. गेलास मरून, अन् मला बसवलंस आत. दिपालीला मात्र शिवी देता येईना. तिचं नाव मनात आलं की ती नुसता दोरा जोरात ओढायची.

सकाळी सहाला गहिनीनाथची गाडी पेट्या घेऊन बीडला गेली. आठ वाजता भागवत गाडी घेऊन बीडला गेला. साडेदहाला दमून, घामाघूम होऊन तोच हार घेऊन परत चौसाळ्याला आला. वनमाला मंगल कार्यालयाच्या पायरीवर उभी राहून बघत होती. तिच्या तोंडावर हसण्याची रेघ उमटली म्हणून भागवत म्हणाला, "काय झालं वैनी?" ती म्हणाली, "काय न्हाई. लई ऊन लागलं असंल तुमाला."

नवरीच्या खोलीत पेटी उघडली. निळा बुके प्लॅस्टिकमध्ये घामेजून मान टाकून पडला होता. दिपालीनं तो उचलला तर बोटं निळी. पण हार! ओला, ताठ, मोगऱ्याचा वास सगळ्या खोलीत. घरच्या बायका एकदम पुढं वाकल्या. भिवराबाईनं गोंड्यावरनं हात फिरवला अन् कौतुकानं मान डोलावली. "बघ वनमाले. शेवटी सवाष्णीच्या हाताची गोष्टच येगळी. उगं न्हाई म्हणत जुनी माणसं."

पंधरा दिवस गिळलेलं सगळं तिथं बाहेर पडलं.

"आत्याबाई, ह्यो हार माझ्या हातचा हाय. काल इथंच केला मी, टपरीवर बसून. गहिनीनाथचा गडी आजारी पडला, त्यानं माझ्याकडं पाठवला. तुमच्या ल्योकानं बीडहून आणला त्यो माझाच हार!"

 भिवराबाईचा हात गोंड्यावरनं असा मागं आला की जणू चटका बसला. मग तिनं दार लोटून घेतलं अन् कुजबुजली, "हळू बोल. बोललीस ते बोललीस, आता भाईर शब्द काढू नको. दुसरा हार आणायला येळ न्हाई. अन् आणायचा तरी कुठून, गावात दुकान तुझंच. कुणाला कळायचं न्हाई. तू आपली मागं खांबापाशी थांब, अक्षता तिथूनच टाक."

म्हणजे हात चालला. फक्त सांगायचं नाही.  वनमालानं दिपालीकडं पाहिलं अन् लगेच नजर काढून घेतली. पुन्हा त्या पोरीचं "जाऊ दे ना" ऐकायची तिच्यात ताकद नव्हती.

तेवढ्यात दार ढकलून नवरदेवाची आई रतनबाई आत आली. अंगानं भरलेली, आवाजानं मोठी बाई. "झालं का न्हाई? भटजी बोलावतेत."

दिपाली पाटावरनं उठली. मोठ्या आवाजात म्हणाली, "मामी, हार बघा. माझ्या आईनं केलाय."

भिवराबाईनं डोळे मिटून घेतले. रतनबाईनं हार उचलला, उलटा करून बघितला, नाकाला लावला.

"मंग? दुसरं कोण करील?" ती म्हणाली. "सुपारी फुटली तवापासनं मी तेलगावात सांगत सुटले, सूनबाईच्या आईचं फुलाचं दुकान हाय, वरमाला आईच्या हातची असणार. निम्म्या बाया त्येच बघायला आल्यात." मग तिची नजर पेटीवर गेली. पेटीवर बीडच्या दुकानाचं नाव. "आन् ह्ये काय? बीडला कशाला गेलते तुमी?"

 भिवराबाई नव्या साडीचा काठ निरखत बसली.

खरं तर वनमालाला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. तिला संताप आला. ज्या लोकांच्या भीतीनं तिला हळदीतून उठवलं, ते लोक तिकडं तिच्या हाराचं कौतुक सांगत फिरत होते. पंधरा दिवस तिनं जे गिळलं ते कुणासाठी? केलेलं सगळं घरातल्याच माणसांनी, अन् नाव तेलगावचं.

ती तरातरा बाहेर निघाली. भिवराबाई मागून म्हणाली, "वनमाले, खांबापाशी..." वनमाला थांबली नाही. बोहल्यापुढं भागवत हारांचं ताट घेऊन उभा होता, भोवती भाऊबंद. ती थेट गर्दीतून वर चढली.

"ताट द्या इकडं, भावजी."

"वैनी, तुमी कशाला..."

"द्या म्हणते ना!"

त्यानं ताट दिलं. मंगलाष्टका सुरू झाल्या, ती तिथंच उभी राहिली, अन् तिला कुणी मागं हो म्हणालं नाही. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, अंतरपाट निघाला. वनमालानं हार उचलून पोरीच्या हातात दिला. दिपालीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, बोटांवर अजून बुकेचा निळा रंग होता. वनमालाचा राग अजून गेला नव्हता. तो लवकर जाणाराही नव्हता.

"दोन्ही हातानं धर," ती म्हणाली. "जड हाय."