मैमुनाबीचा राजधानीचा फेरा

अर्धी कोळंबी सोलून झाली होती. उरलेली अर्धी बेसिनमध्ये पाण्यात पडली होती आणि मैमुनाबीचे हात मध्येच थांबले होते. स्वयंपाकघराच्या दारातून तिला पुढच्या खोलीची खिडकी दिसत होती, आणि खिडकीला नाक लावून उभी राहिलेली सबा. पोरगी खाली रस्त्याकडे बघायची, मग हातातल्या कागदाकडे, मग पुन्हा रस्त्याकडे. ओठ हलत होते. दुआ पुटपुटणारे ओठ मैमुनाबीच्या ओळखीचे होते. हे मोजणारे ओठ होते.

"काय गो बाय, काय बघतेस?"

कागद झटक्यात ओढणीच्या टोकात गेला. "काही नाही खाला. गाड्या बघतेय. केवढ्या गाड्या!"

गाड्या बघायला कागद कशाला लागतो, हे मैमुनाबीने विचारलं नाही. मनात मात्र गाठ मारून ठेवली.

सबा नात्याची नव्हे, गावची. कोकणातल्या नाटे गावची. वय सव्वीस. बापाने फोनवर सांगितलं होतं, पोरीला जरा हवापालट हवा, महिनाभर अबूधाबी दाखवा. मैमुनाबीचा नवरा कमरुद्दीन एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर. त्याने मॅनेजरच्या हातापाया पडून आपल्या जबाबदारीवर महिन्याचा व्हिजिट व्हिसा काढला. आता त्यातले अठरा दिवस सरले होते, बारा उरले होते. बाराव्या दिवशी सबा विमानात बसली नाही तर सगळं कमरुद्दीनच्या डोक्यावर येणार. शेजारच्या बिल्डिंगमधल्या गनीभाईचं तसंच झालं होतं. त्यांचा पाहुणा मगरिबच्या नमाजाला म्हणून जो गेला तो गेलाच, आणि महिन्याभरात गनीभाईंचा स्वतःचा व्हिसा रद्द. बावीस वर्षांचा संसार सहा खोक्यांत.

त्यामुळे मैमुनाबी पाहुणीवर नजर ठेवून होती. देवाला घाबरणारी बाई, परक्याच्या पोरीवर संशय घेणं तिला गुन्ह्यासारखं वाटायचं. दर नमाजाला ती तौबा करायची आणि जानमाज गुंडाळली की पुन्हा दाराच्या कडीकडे बघायची.

एरवी पाहुणा आला की मैमुनाबीला उत्साह यायचा. सन एक्क्याऐंशीत ती नवरी होऊन आली तेव्हा बाल्कनीतून फक्त वाळू आणि क्रेन दिसायच्या. कमरुद्दीन सकाळी सहाला जायचा, रात्री आठला यायचा. वर्षभर ती दाराआड रडली. मग एके दिवशी डोक्यावर ओढणी घेऊन खाली उतरली, कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, म्हणजे वाण्याच्या दुकानातून, मीठ आणलं. दुसऱ्या दिवशी दोन रस्ते पुढे गेली. असं मीठ, कोथिंबीर, सुई-दोरा करत करत तिने अख्खं बेट पायाखाली घातलं. आता कोकणातून कोणीही आलं, तरी कमरुद्दीन म्हणायचा, "आमच्या बायकोला विचारा. सरकारी नकाशा चुकेल, ती चुकायची नाही."

ईद झाली होती, रोजे सुटले होते, आणि त्याच दिवशी, मंगळवारी संध्याकाळी, मैमुनाबीचा फेरा सुरू झाला. बरोबर दहा वर्षांची लेक अफनान.

"हे बघ," टॅक्सीत बसताच ती सबाला सांगू लागली, "हे शहर म्हणजे बेट. दोन पूल आहेत, तेवढीच वाट. मक्ताच्या पुलाजवळ पाण्यात एक छोटा बुरूज उभा आहे. पूर्वी तिथून पहारा ठेवायचे, कोण आलं, कोण गेलं." शेवटचे शब्द तिने जरा जोरातच उच्चारले. "आणि पत्ता सांगताना रस्त्याचं नाव सांगू नकोस. पाटीवर एक नाव असतं, तोंडात दुसरं. एलेक्ट्रा रोड म्हण, सलाम रोड म्हण, जवळचं हॉटेल सांग. टॅक्सीवाला नेईल."

"घरांना नंबर नसतात?" सबाने पटकन विचारलं.

"तुला कशाला हवेत घरांचे नंबर?"

"असंच हो, खाला."

कॉर्निशवर, समुद्राकाठच्या रस्त्यावर, ज्वालामुखीच्या आकाराचं कारंजं लाल दिव्यांत उसळत होतं. अफनान टाळ्या वाजवत "मम्मी, लुक, लुक!" करत होती. तुषार अंगावर येताच बायका किंचाळून हसत होत्या. सबा मात्र कारंज्याकडे पाठ करून रस्त्यापलीकडच्या उंच इमारतींच्या दरवाजांकडे बघत होती.

"अगो, इकडे बघ! लोक मुंबईहून हे बघायला येतात."

"बघते ना, खाला."

ब्रेकवॉटरच्या बांधावर, समुद्रात आत गेल्यावर समोर सगळी राजधानी दिव्यांची माळ होऊन पाण्यात उतरली होती. मैमुनाबी तिथे नेहमी थांबायची, पाहुण्याच्या तोंडून 'सुभानअल्ला' निघेपर्यंत. सबाने विचारलं, "या सगळ्यात माणसं किती राहत असतील? एखाद्याला शोधायचं म्हटलं तर?"

"लपायचं म्हटलं तर, असं विचार," मैमुनाबी म्हणाली. सबा हसली नाही.

घरी आल्यावर मैमुनाबीने कमरुद्दीनला सगळं सांगितलं.

"कोणीतरी आहे तिचं इथे. ठरवून आलीय. दारं बघून ठेवतेय."

"पासपोर्ट माझ्या कपाटात आहे. जाईल कुठे?"

"गनीभाईच्या पाहुण्याचा पासपोर्टपण कपाटातच होता. राहिला की तिथेच."

कमरुद्दीनचा घास तोंडाशीच थांबला. "मग उद्या फेरा बंद."

"बंद केला तर तिला कळेल. मी एकटीच नेते. हात सोडायची नाही."

बुधवारी सकाळी पांढरा किल्ला बाहेरून दाखवून दोघी जुन्या बाजारात, सूकमध्ये शिरल्या. कापडाचे तागे, अत्तरं, सोन्याची दुकानं, भाव करताना तीन भाषांत घातलेल्या शिव्या. मैमुनाबीने सबाचं मनगट धरून ठेवलं होतं. तरी एका इराण्याकडे केशर हुंगायला दोन्ही हात लागले, आणि डबी खाली ठेवून बघते तो पोरगी नाही.

मैमुनाबी तिला हाका मारत धावली. गल्लीच्या या टोकाला गेली, त्या टोकाला गेली. तोंडाने आयतुल कुर्सीचं पठण आणि डोळ्यांसमोर सहा खोकी. एकवीस वर्षांच्या घराची सहाच होतील की सात, असला वेडा हिशेबही डोक्यात येऊन गेला. अर्ध्या तासाने रस्ता ओलांडून ती पलीकडे गेली तेव्हा एका जुन्या बिल्डिंगच्या दारात सबा दिसली. एका पठाण वॉचमनशी बोलत होती. त्याला कागद दाखवत होती.

मैमुनाबीने तिचा दंड असा धरला की बांगडी वाकली. "हा कोण? किती पैशांत ठरलंय? बोल!"

"खाला, ऐका तरी!"

"बहनजी, गुस्सा मत करो," वॉचमन म्हणाला. त्यालाच हसू आवरत नव्हतं. "ये बच्ची चार हज़ार चार सौ सत्रह नंबर का मकान ढूँढ रही है. मैंने बोला, पूरे अबूधाबी में इतने दरवाज़े एक लाइन में नहीं मिलेंगे."

मैमुनाबीने कागद हिसकावला. कागद कसला, जुन्या पाकिटाचा कापलेला कोपरा होता. मुनीर, आणि खाली, पी.ओ. बॉक्स ४४१७, अबूधाबी.

मुनीर म्हणजे सबाचा नवरा. तो सौदीत आहे असं तिच्या बापाने सांगितलं होतं.

फुटपाथच्या कट्ट्यावर बसून पोरगी बोलली. लग्नानंतर चार महिन्यांनी मुनीर अबूधाबीला आला. तीन वर्षं पत्रं आली. चौदा महिन्यांपूर्वी शेवटचं, मग काहीच नाही. सासरचे म्हणाले, गप्प बस, काही बाहेर फुटलं तर बदनामी होईल. बाप म्हणाला, जा, बघून ये, पण तोंडातून शब्द काढू नकोस.

"आम्हांला का नाही सांगितलंस?"

"नवरा शोधायला येतेय म्हणाले असते, तर चाचांनी व्हिसा काढला असता?"

मैमुनाबीने मनातच कबूल केलं. काढला नसता. तिनेच काढू दिला नसता.

"अगो वेडे," ती शेवटी म्हणाली, "हा घराचा नंबर नाही. इथे पोस्टमन दारात येत नाही. पोस्ट ऑफिसात कंपन्यांच्या पेट्या असतात, त्याला बॉक्स म्हणतात. कंपनीचा माणूस चावी घेऊन जातो, सगळ्यांची पत्रं आणतो. चार हजार दारं बघत फिरली असतीस तरी मिळाला नसता."

सबाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी रोज खिडकीतून दारं मोजत होते."

गळ्यात पडून रडावं असं मैमुनाबीला वाटलं, आणि तिने ते केलंही. पण घरी परतताना टॅक्सीत तिच्या मनातला किडा पुन्हा वळवळू लागला. ती सबाकडे न बघताच म्हणाली, "सापडला, तर परत जाशील ना?"

सबा खिडकीबाहेर बघत राहिली.

रात्री सबाने तिला ते शेवटचं पत्रही दाखवलं. 'मी खैरियत आहे, काळजी करू नये', दोन ओळी, बस. मैमुनाबीने आधीची दोन पत्रं शेजारी ठेवली. त्यांत अक्षर तिरकं, दाबून लिहिलेलं होतं. शेवटच्या पत्रातलं गोल, सुबक, शाळेच्या वहीसारखं. हे दुसऱ्याच कोणाच्या हातचं होतं. बाईच्या? तिने पत्रं घडी करून परत दिली. सबाला ते चौदा महिन्यांपूर्वीच दिसलं असणार.

पोस्टात विचारून उपयोग नव्हता, बॉक्स कोणाचा ते सांगत नाहीत. तोड कमरुद्दीनने काढली. स्टोअरमध्ये माल येतो त्या प्रत्येक बिलावर वरच्या कोपऱ्यात कंपनीचा बॉक्स नंबर छापलेला असतो, आणि अशी बिलं त्याच्याकडे फायलींच्या थप्प्यांत. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत त्याने दहा वर्षांच्या फायली उपसल्या. संध्याकाळी घरी आला तो बूट न काढताच म्हणाला, "मिळाला. पुलापलीकडे मुसफ्फाहमधलं वर्कशॉप आहे. लोखंडी गेट, जिने बनवतात. दोन हजार सालापर्यंत आमचा माल तिथूनच यायचा."

सबा उठून उभी राहिली.

"बस खाली," तो म्हणाला. मग मैमुनाबीला आत बोलावून दार लोटलं. "अगो, तिथे कामगारांच्या राहायच्या खोल्या आहेत. एकदा आत गेली आणि नवऱ्याने ठेवून घेतली, तर? किंवा तो नसलाच, आणि तिला परत घरी तोंड दाखवायचं नसलं, तर? दहा दिवसांवर आलंय. पोरीला विमानात बसवू आणि चौकशी मी नंतर करतो."

"नंतर तुम्ही करणार नाही."

"माझ्यावर संशय?"

"सगळ्यांवरच आहे सध्या. तिच्यावर आहे, त्या गोल अक्षरावर आहे, माझ्यावरसुद्धा आहे. पण तिला न दाखवता पाठवली तर ती विमानतळावरूनच पळेल. मी पळाले असते."

कमरुद्दीनने पासपोर्टच्या कपाटाचं दार एकदा ओढून बघितलं. "आणि नाही आली तुझ्याबरोबर परत?"

"तर खोकी बांधायला लागू," मैमुनाबी म्हणाली. 

बाहेर येऊन तिने सबाला समोर बसवलं. कुराणावर हात ठेवायला लावावं असं एकदा मनात आलं, पण भुकेल्या माणसाकडून कसम घेऊ नये. तिने साध्या शब्दांत सांगितलं, "तो असला तर पाच मिनिटं भेट, माझ्या समोर. नसला तर विचारू, कुठे गेला. काहीही निघालं तरी दुपार कलायच्या आत, असरच्या नमाजाला घरी. हो म्हण."

"हो, खाला."

'हो' फार लवकर आला होता. पण त्याहून जास्त मागून मिळणार नव्हतं.

शुक्रवारी वर्कशॉप बंद. शनिवारी सकाळी सातला दोघींनी बस स्टँडवर जायचं होतं, मुसफ्फाहची बस पकडायला. पासपोर्ट कपाटात राहणार होता; मैमुनाबीबरोबर निघणार होता तो फक्त सबाचा 'हो'.