ड्रेसरकाकांचा रविवार

"आधी वास घे, मग बोल." ड्रेसरकाका मला पहिल्यांदा बोलले ते हेच. मी तोवर बोलूनच नाही, करूनही बसलो होतो. घरात आठवडाभर कुजक्या मासळीचा वास येत होता, म्हणून बायकोने वरळी कोळीवाड्यातून आणलेली सुकट, बोंबलांसकट, मी तिला न विचारता कचऱ्यात टाकली. वास हलला नाही. तो आमच्या पेढ्याच्या शेपटीखालून येत होता.

पेढ्या म्हणजे आमचा कुत्रा. बूड जमिनीवर घासत हॉलभर फिरायचा. तुमच्या ओळखीतही असा एखादा असेल. आपण हसतो, व्हिडिओ काढतो. मीही काढला. कुत्र्याच्या गुदद्वाराशी वासाच्या दोन पिशव्या असतात, त्या एरवी आपोआप रिकाम्या होतात आणि ह्याच्या होत नाहीत, हे मला पन्नाशीत कळलं. तोवर एक पिशवी फुटली होती.

डॉक्टरांनी जखम बरी केली. पुन्हा फुटली तर ऑपरेशन, म्हणाले. पण पेढ्या अकरा वर्षांचा, भूल झेपेल का, नक्की सांगता येईना. कोणी म्हणे लाल भोपळा खायला घाला, कोणी म्हणे दर आठवड्याला दाबून काढा, कोणी म्हणे हातच लावू नका. मी तिन्ही उपाय एकदम सुरू केले.

ड्रेसरकाका भोईवाड्यातल्या चाळीत राहायचे, जनावरांच्या इस्पितळात मलमपट्टी करणारे ड्रेसर म्हणून निवृत्त झालेले. डॉक्टरांनीच त्यांना गाठायला सांगितलं. रविवारी यायचे, हातमोजा चढवायचे आणि माझ्याशी नाही, पेढ्याशी बोलायचे. "काय शेठ, ह्याने परत उगाच दाबलं? सूज येते म्हणून सांगा त्याला." शेपटीखाली, घड्याळात चार आणि आठ असतात तिथे, बोटं ठेवून डोळे मिटायचे. कधी काहीच न करता उठायचे. आज भरलेली नाही, म्हणायचे. हे कळतं कसं, विचारलं तर म्हणायचे, "बोटाला कळतं."

माझ्या बोटाला काही कळत नव्हतं. त्यांनी मला फडक्याखाली भिजवलेले वाटाणे ठेवून चाचपायला लावलं. वाटाणे मी ओळखायला लागलो. पेढ्याला हात लावला की तो केकाटायचा आणि काका माझ्यावर.

एका रविवारी त्यांनी नवा हातमोजा माझ्याच हातात दिला. रक्तातल्या साखरेने त्यांची बोटं बधिर झाली होती. "मला आता काही सांगत नाहीत ती," म्हणाले आणि चहा न घेता गेले. दोन महिन्यांनी कायमचेच गेले.

त्यांच्या बाराव्यानंतरच्या रविवारी पेढ्या पुन्हा बूड घासू लागला. बायकोने त्याचं डोकं मांडीत धरलं. मी डोळे मिटले, चाचपलं, हलकेच दाबलं. निघालं काहीतरी. सगळं की अर्धं, पुरेसं की जास्त, काही उमजेना. हातमोजा घातलेला हात वर धरून मी नुसताच उभा राहिलो. आता विचारायचं कुणाला?

बायको म्हणाली, "काका असते तर ओरडले असते तुम्हाला. पण हा ओरडला का? नाही ना? मग हात धुवा."