आजोबा गाईड शोधतात

आजोबांचं वय छत्तीस. नातवंडं सोडाच, एकुलती एक मुलगी अजून दुसरीत होती. पण कॉम्प्युटर विभागाच्या लॅबमध्ये पीएचडी करता करता त्यांचे कानाजवळचे केस पिकले, बरोबरचे नोकऱ्यांना लागले, मागून आलेली पोरं डॉक्टर होऊन पुढे निघून गेली. मग कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. त्यांचं टेबल सर्व्हरच्या खोलीला लागून होतं. तिथं गारठा इतका, की भर उन्हाळ्यातही आजोबा स्वेटर घालून बसायचे. त्यामुळे नावाला आणखीच शोभा आली.

गाईड शोधायला निघालेला प्रत्येक विद्यार्थी आधी या स्वेटरपुढे येऊन बसे. आजोबांचा सल्ला फुकट होता आणि, खरं सांगायचं तर, चोख होता.

"सगळ्या प्राध्यापकांना एकच मेल धाडू नकोस. 'आपल्या थोर संशोधनाने मी भारावलो' असं लिहिलंस की पुढचं कुणी वाचत नाही. एक माणूस निवड. त्याचा पेपर वाच, त्याच्या लॅबनं बाहेर सोडलेला कोड उतरवून घे, आपल्या मशीनवर चालवून बघ. चालणार नाहीच. का चालत नाही ते शोध, आणि तेवढंच विचारायला जा. तिथल्या पोरांना चहा पाज आणि विचार, की पेपर नापसंत होऊन परत आला की सर कुणावर ओरडतात. गाईडची हुशारी काय, पेपरात दिसतेच. वाईट बातमी दिल्यावर तो कसा वागतो, ते बघ."

पोरं मार्गी लागत आणि आजोबा होते तिथंच राहत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं त्यांची बायकोच म्हणायची. ती औषधांच्या दुकानात दिवसभर उभी राहून घर चालवत होती, तेव्हा तिला तो हक्क होता. मुलगी बिचारी मनापासून विचारायची, "बाबा, तू कितवीत आहेस?" तिच्या वर्गातल्या कुणाचाच बाबा शाळेत जात नव्हता.

अशात आजोबांचे गाईड गेले. म्हणजे देवाघरी नव्हे, निवृत्त होऊन मुलीच्या गावी. अगदी देवमाणूस. दुसऱ्याच्या कामात न विचारता कधी डोकावले नाहीत. निरोपाच्या दिवशी त्यांनी आजोबांचा हात दोन्ही हातांत धरला आणि "लवकर संपव रे," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी कार्यालयातल्या बाईंनी कळवलं, की सत्र संपायच्या आत नवा गाईड मिळाला नाही तर नोंदणी रद्द होईल. म्हणजे आठ वर्षं पाण्यात.

आजोबा दारं ठोठावू लागले. एका सरांकडे जागा नव्हती. दुसऱ्या सरांनी त्यांच्या केसांकडे पाहिलं आणि हवापाण्याच्या गप्पा मारून त्यांना वाटेला लावलं. उरली एकच, नुकतीच रुजू झालेली प्राध्यापिका. आणि तिथंच तर घोडं अडलं होतं. कारण ही बाई म्हणजे बारकी. कधीकाळी आजोबांच्याच टेबलापुढे बसून चाचरत गाईडबद्दल विचारणारी, जिचा पहिला मेल आजोबांनी तीनदा खोडून पुन्हा लिहायला लावला होता, ती.

"अगं, तिला मेल लिहायला मी शिकवलंय," ते घरी म्हणाले.

"बरं झालं की," बायको म्हणाली. "मग तुझा मेल तिला नीट वाचता येईल."

गेले बिचारे. दारापर्यंत 'मॅडम' घोकत गेले. तीच उठून उभी राहिली.

"आजोबा, बसा ना. मला कळलं सरांचं. मी तुम्हाला आनंदानं घेईन, पण सगळ्यांना सांगते तेच तुम्हालाही सांगणार. माझी सिस्टिम आधी चालवून बघा. मोडता आली तर मोडून दाखवा. मग बोलू."

आजोबांना ते लागलं. आपलंच औषध आपल्याला पाजलं, असं वाटलं त्यांना. पण गरजवंताला अक्कल नसते आणि अभिमान तर मुळीच परवडत नाही. ते कामाला लागले.

बारकीच्या सिस्टिमचा दावा साधा होता. एकदा फाइल जतन झाली असं सिस्टिमनं सांगितलं, की वीज गेली तरी ती फाइल जाणार नाही. याच दाव्याच्या पेपरावर बारकीचं नाव झालं होतं. आजोबांनी फाइली लिहायला लावल्या आणि मशीनचा प्लग भिंतीतून उपसला. मशीन पुन्हा चालू केलं. शेवटची फाइल गायब! पुन्हा प्लग उपसला, पुन्हा गायब. क्षणभर त्यांना नाचावंसं वाटलं. मग त्या गारठ्यातही घाम फुटला. जिच्या सहीवर आपली सगळी भिस्त, तिलाच जाऊन सांगायचं, की तुझा गाजलेला पेपर खोटा आहे?

"सांगितलंस आणि तिनं नाही म्हटलं तर?" बायकोनं विचारलं. ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"तर संपलं."

तिनं हातातली घडी पुरी केली. मग म्हणाली, "आणि नाही सांगितलंस, तर रोज तिच्यासमोर बसणार कुठल्या तोंडानं?"

सकाळी आजोबांनी सांगून टाकलं. बारकीचा चेहरा पांढराफटक पडला. ती तडक त्यांच्या टेबलाशी आली आणि स्वतःच्या हातानं प्लग उपसला. फाइल गेली. स्टूल ओढून ती बसली आणि एकेक ओळ तपासू लागली. आजोबा बाजूला उभे. दुपार झाली, जेवणं राहिली. शेवटी तिनं विचारलं, "ही डिस्क कुठली?"

"जुन्या मशीनमधली. चांगली चालते."

तिनं आपल्या खोलीतून दुसरी डिस्क आणून बसवली. प्लग उपसला. फाइल जागेवर. पुन्हा उपसला, तरी जागेवर. आजोबांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. काही डिस्क लबाड असतात. माल स्वतःच्या तात्पुरत्या मेमरीत असतानाच 'लिहिलं' म्हणून मोकळ्या होतात. आधी डिस्क तपासावी, हे नव्या पोरांना आजोबाच सांगत आले होते.

"चूक माझी आहे, मॅडम. उगाच घोर लावला तुम्हाला. येतो मी."

"येतो काय? बसा." तिच्या आवाजात राग नव्हता, दिलासाही पुरता नव्हता. "आजोबा, सरांना तुम्ही असलं काही दाखवलं असतं तर काय म्हणाले असते ते?"

"सरांना? छे. पक्कं झाल्याशिवाय मी त्यांना कधी काही दाखवलंच नाही."

"आणि आठ वर्षांत पक्कं किती झालं?"

वाईट बातमी सोसणारा माणूस शोधा, असं आजोबा जगाला सांगत होते. तसा माणूस त्यांच्या शेजारच्याच खोलीत इतकी वर्षं बसून होता, आणि त्याला त्यांनी एकही वाईट बातमी दिली नव्हती. त्यांना सरांची अशी काही आठवण आली, की चष्मा काढून पुसावा लागला.

"फॉर्म उद्या आणा, सही करते," बारकी म्हणाली. "आणि न दाखवलेलं जे जे आहे, ते आत्ता उघडा."

आजोबांनी मशीनवरचं एक जुनं काम उघडलं. तिला पडदा नीट दिसावा म्हणून आपली खुर्ची बाजूला घेतली.

"हे सहा वर्षांपूर्वीचं," ते म्हणाले. "चालत नाही. आणि का चालत नाही, ते मला अजून कळलेलं नाही."

हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच कुणापुढे उच्चारलं होतं.