संघटनेतला एकुलता एक सदस्य

बारामतीच्या आमच्या कॉलेजात विद्यार्थी उद्योजक संघटना काढणारा हा गडी वर्गात पेन मागतानाही भाषणाला उभा राहिल्यासारखा घसा खाकरायचा. मागेल त्याला पद द्यायचा. भिगवणपर्यंत उपाध्यक्षच उपाध्यक्ष झाले; उजनीतले मासे तेवढे बिनपदाचे राहिले. शेवटी प्राचार्य म्हणाले, "एक तरी साधा सदस्य दाखवा, नाहीतर संघटना बंद."

पद सोडायला कुणी तयार होईना. सगळ्यांचे फ्लेक्स गावोगावी लागलेले. तेव्हा यानंच अध्यक्षपद सोडलं. "आमी होतो सदस्य. त्यात काय हाय?"

आम्ही हळहळलो. मग रिकाम्या अध्यक्षपदाची निवडणूक लागली. नियमानं मत द्यायचा हक्क फक्त साध्या सदस्याला. आता सगळे उपाध्यक्ष रोज याच्या दारात, "भाऊ, तेवढं ध्यान असू द्या."

हा त्यांनी आणलेली भजी संपवतो आणि म्हणतो, "बघू. अजून ठरलं न्हाय."