मुंगी चावल्यासारखं

रक्त काढताना तिचा हात इतका हलका की प्रयोगशाळेत सगळे तिला ‘मुंगी’च म्हणत. लस घेतल्यावर कुणाच्या रक्तात किती अँटिबॉडी तयार होतात आणि किती टिकतात, याचा तिथे अभ्यास चाले. रडणारं पोर असो की हट्टी म्हातारा, ती एकच सांगे, “मुंगी चावल्यासारखं वाटेल, बस्स.”

पण दिव्याखाली अंधार. स्वतःला टोचायचं म्हटलं की बाई पळ काढत. कर्मचाऱ्यांना काविळीची लस दिली, त्या दिवशी ती गर्दीतून दंडाला कापूस चिकटवून बाहेर आली आणि दिवसभर दंड चोळत बसली. नाटक छान वठलं.

पुढे अभ्यासासाठी सगळ्यांचं रक्त घेतलं. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरीणबाई स्वतःच समोर बसल्या, त्यामुळे पळता आलं नाही. डोळे गच्च मिटून तिने हात पुढे केला. अँटिबॉडी निघाल्या शून्य.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, उलट हरखल्या. “काहींना लस लागूच पडत नाही. तू त्यातली दिसतेस. हे घराण्यातून येतं का ते कळेल, आईचंही रक्त बघू या.”

शेजारच्या टेबलावरचा तंत्रज्ञ म्हणाला, “काविळीचे नमुने मी बघत जाईन. तुला धोका नको.” घरी दोन लहान मुलं असलेला माणूस. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी तिने नमुन्यांचा ट्रे त्याच्याकडे सरकवला.

ठरल्या दिवशी आई इस्त्रीचे कपडे घालून आली. खुर्चीत बसून बाही वर करता करता म्हणाली, “माझंच काहीतरी वाईट तुझ्यात आलं असणार गं. लहानपणी सारखी आजारी पडायचीस, तेव्हाच मला कळायला हवं होतं.”

मुंगीने आईच्या दंडाला पट्टा बांधला. शीर सापडली, पण तिने सुई उचलली नाही.

“आई, तुझ्यात काही वाईट नाही. मी लस घेतलीच नव्हती. घाबरले होते.”

डॉक्टरीणबाईंनी हातातली नळी खाली ठेवली. तंत्रज्ञाने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. ते तिला सगळ्यात जास्त लागलं.

आईने स्वतःच पट्टा सोडला. “मला सांगायचंस की. हात धरायला आले असते,” म्हणाली आणि उठली. “बस इथे.”

चाळिशी ओलांडलेली लेक सगळ्यांदेखत खुर्चीत बसली. आईने तिचा हात घट्ट धरला. तो सुटावा असंही तिला वाटत होतं आणि सुटू नये असंही. लस तंत्रज्ञानेच टोचली. मुंगी चावल्यासारखं वाटेल, असं तो म्हणाला नाही.