कोरड्या डोळ्यांची नवरी

"मनाला लावून घेऊ नको." आमच्या याडीचं, म्हणजे आईचं, सगळ्या दुखण्यांवर हे एकच औषध. शाळेतल्या पोरी माझ्या बोलण्याला हसायच्या, तांड्यावरची म्हणून बाकावरून उठवायच्या. मी रडत घरी यायची. जवळ घेणं तर सोडाच, ती म्हणायची, "काहून रडून राहिली? बोलण्यानं काय अंगाला भोकं पडली का?"

पुढं तिनं मला घडवायचं मनावरच घेतलं. भाकर करपली की चार बायांसमोर माझी नक्कल करायची. काळी, बसक्या नाकाची, हिला कोणाच्या गळ्यात बांधावी, असं मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायची. माझा ओठ थरथरला की खसकन चिमटा. "सासरी याच्या दुप्पट ऐकावं लागंल. तवा काय करशील? कातडी जाड कर." असा राग यायचा तिचा! पण झाली बाई माझी कातडी जाड. दहावीला गेले तोवर कोणी काहीही बोलो, डोळ्यातून टिपूस निघत नव्हतं. याडी खूश.

मग पुसेगावकडच्या एका तांड्यावर माझं लग्न ठरलं. आमच्यात नवरीनं नुसतं निघून जाऊन भागत नाही. एकेकाच्या गळ्यात पडून, रडत रडत निरोपाचा ढावलो गावा लागतो. मला कसं वाढवलं, आता कशी परकी करता, असं सगळं त्यात असतं. म्हाताऱ्या बाया ते आधीपासून शिकवतात. नवरीचं ऐकून सारा मांडव रडला, की तिच्या आईचं नाव होतं.

शब्द मला तोंडपाठ होते. रडू तेवढं येईना. याडी रोज समोर बसवायची. रडले की चिमटा घेणारी हीच बाई आता "रड गं माझे माय" म्हणून विनवण्या करून राहिली होती. हसावं का काय करावं!

लग्नात बापाच्या गळ्यात पडले, कोरडी. भावाच्या गळ्यात पडले, कोरडी. सूर बराबर, डोळे कोरडेठाक. बायांची कुजबुज सुरू झाली. एक काकी तर मोठ्यानंच बोलली, "निगरगट्ट हाय पोरगी. आईनं कधी माया लावली असंल तर रडंल ना!"

शेवटी याडी. तिच्या गळ्यात हात टाकले. काकीचं बोलणं तिच्या जिव्हारी लागलं होतं. ती माझ्या कानाशी म्हणाली, "एकदा तरी रड. लोक काय म्हणून राहिले, ऐकू येत न्हाई का?" आणि पदराआडून मला चिमटा घेतला, पहिल्यासारखाच, खसकन.

खोटं कशाला बोलू, मला लई बरं वाटलं.

"मनाला लावून घेऊ नको," मी म्हणाले, आणि जीपमध्ये जाऊन बसले. मागून रडण्याचा आवाज आला. साऱ्या मांडवात ती एकटीच रडत होती.